अकरा दहाचं कुलूप

वसंतरावकाकांचं नाव डायलिसिसच्या यादीत नव्हतं. काल सकाळी त्यांनी ते इस्पितळाच्या खिडकीवर नोंदवलं होतं, पावती खिशात होती, आज खिडकीवरची बाई म्हणाली, "कंप्यूटरमध्ये नाही, सार." रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस सुजलेले पाय घेऊन बाकावर बसला आणि त्याने पुतणीला, यामिनीला, फोन लावला.

यादीचा तो प्रोग्राम तिच्याच कंपनीचा, चेन्नईजवळच्या शोळिंगनल्लूरचा.

रीत साधी होती. यादीत लिहिणाऱ्याने आधी एक छोटी फाइल ठेवायची, म्हणजे कुलूप. ती असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पण यादी अडकली की टीमचा एकच उपाय, कुलपाची फाइल पुसा! सूचनांच्या कागदावर पहिलंच कलम ते. आत कुणी लिहितंय का, हे बघायची कुणाला पडलेली नसे. आत माणूस असताना संडासाचं दार उचकटावं, तसला हा घाणेरडा प्रकार, आणि वर त्याला सपोर्ट म्हणायचं.

ती टीमप्रमुखाच्या टेबलाशी गेली. "अनंतकृष्ण, कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती द्या, असं मी दोनदा लिहून दिलं. प्रोग्राम मेला तर ते आपोआप सुटतं. पुसापुशी लागतच नाही."

"अय्यो, इतकं का रागावतीस ग?" तो तंजावरचा मराठी, कॉफीचा फेस मिशीवर तसाच. "सात वर्षं असंच चालतंय की."

तिला त्या फेसाचीसुद्धा किळस आली. आज याला पुराव्यानिशी गाठायचंच, म्हणून तिने सर्व्हरची कालची नोंदवही उघडली. अकरा दहा: काकांचं नाव लिहायला सुरुवात, सर्व्हर संथ. चाळीस सेकंदांनी कुलूप पुसलं. लगेच दुसऱ्या सर्व्हरने काकांचं नाव नसलेली जुनी यादी वर लिहिली. पुसणाऱ्याचं नाव, यामिनी.

तिला आठवलं. यादी अडकल्याचा इस्पितळातून फोन आला होता, मैत्रिणी कँटीनला निघाल्या होत्या. तिने कुलूप पुसायची एक ओळ टाइप केली आणि पोंगल खायला गेली. बघितलं काहीच नव्हतं. तिला स्वतःच्या बोटांची शिसारी आली.

तिने इस्पितळाला फोन करून विनवण्या केल्या. दोन वाजताची एक जागा निघाली. मग काकांना फोन करून तिने ते सांगितलं, आणि कुणीतरी न बघता कुलूप पुसल्याने नाव गेलं, हेही.

"खिडकीवरची बाई भली आहे गं," काका फोनवर म्हणाले, "तिला बोल लावू नकोस. पण तुमच्यात हा कोण गाढव बसलाय, न बघता पुसणारा?"

अनंतकृष्ण पलीकडून बघत होता.

"मी, काका," यामिनी म्हणाली.