किती उशा?

तळेगावच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. साल पंचावन्न असेल; छपन्नही असू शकेल. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की निघोज्याहून आलेली बैलगाडी दिसण्याआधी तिच्या घुंगरांचा आवाज आत आला.

गाडीतून ज्योतीराम आणि त्याची बायको छबूबाई उतरली. तिचं वय पंचविशीचं. दोन पायऱ्या चढून ती खांबाला धरून उभी राहिली, खोकली आणि मग हसली.

दारात रांग लागली होती. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवूनच घाईघाईनं तपासलं.

"झोपताना किती उशा लागतात?"

"एकबी न्हाई."

"छान," म्हणून त्यांनी खोकल्याचं औषध लिहिलं.

मी बाटलीवर डोसाच्या खुणांचा कागद डकवत होतो. डॉक्टर उशा का विचारतात, हे मी त्यांच्याच पुस्तकात वाचलं होतं. हृदय थकलं की आडवं पडल्यावर दम कोंडतो, म्हणून माणूस उशा वाढवत जातो. दोन पायऱ्यांत खांब धरणारी ही बाई मी पाहिली होती, पण माझी अक्कल पुस्तकातली. चार पानं वाचून डॉक्टरांच्या वर बोलायचं? आणि नाही बोललो, तर ही बाई खोकल्याचं औषध घेऊन परत धुक्यात जाणार होती.

"वहिनी," मी बाटली हातातच ठेवून हळूच विचारलं, "घरी उशी आहे का?"

"उशी?" ज्योतीराम हसला. "आमच्यात म्हाताऱ्यालाबी न्हाई, दादा. वाकळंची घडी घेतो."

"मग रात्री पाठ टेकता ना?"

छबूबाईनं मान खाली घातली. "पाठ टेकली की जीव वर येतो. कणगीला टेकून बसते. सासूबाई म्हणत्यात, दाण्याची राखण करती जणू!"

"किती दिवस?"

"आठ म्हयनं."

मी आत डॉक्टरांकडे गेलो. काय बोललो ते आठवत नाही. तोतरं बोललो असेन. डॉक्टर स्वतः बाहेर आले. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, एका गुडघ्यातून दुसऱ्यात जायचे, हेही आता निघालं. त्यांनी तिला खाटेवर मागून आधार देऊन डाव्या कुशीवर कलतं केलं, नळी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं नळी माझ्या कानांत दिली.

लांब धुक्यात कुठेतरी मालगाडी चालली असावी, तसा खोल घरघराट. मला वाटलं, खिडकीबाहेरचं सगळं धुकं तिच्या छातीतूनच येतंय.

"सांध्यांच्या त्या दुखण्यानं हृदयातली झडप आकसलीय," डॉक्टर म्हणाले. "ती उघडणं माझ्या हातात नाही. छातीत साठलेलं पाणी उतरवता येईल, ठोके आवरता येतील. गोळ्या कायमच्या. आणि मीठ बंद."

"मंग माझ्या हातचं कोण खाईल?" छबूबाई म्हणाली.

"आत्ता तरी कोण आवडीनं खातंय!" ज्योतीराम म्हणाला. त्याचे डोळे मात्र भरले होते.

तिला ठेवून घेतलं. रोज गोळी, आणि लघवी वाढवणारं इंजेक्शन. चौथ्या दुपारी मी नाडी बघायला गेलो, तर ज्योतीरामनं ओठांवर बोट ठेवलं.

ती पाठ टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, केस खाटेवर पसरलेले. बाहेर ऊन होतं आणि त्याचा एक पट्टा तिच्या पोटावर वरखाली होत होता. श्वास मोजावेत म्हणून मी घड्याळ काढलं. दोनदा मोजले. दोन्ही वेळा मध्येच चुकलो, आणि तिसऱ्यांदा नुसताच बघत उभा राहिलो.