बटण थोरल्याकडे

“ताई, ह्या सॉकेटचा गळा कुणी आवळलाय?” टीव्हीवाल्यानं टीव्हीच्या मागून डोकं बाहेर काढलं. नाकाला कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. “टीव्हीला वायर लावायला दोनच सॉकेट. एक कधीच मेलंय, दुसरं शेवटच्या घटका मोजतंय. दिवसातून किती वेळा उपटता वायर?”

“मी नाही हो. हे दोघं.”

हे दोघं म्हणजे ताईंचे भाऊ. थोरला खिडकीपाशी खुर्चीत, धाकटा पलीकडे सोफ्यावर. दोघंही रिटायर, दोघांच्याही बायका गेलेल्या, आणि दोघांच्या कपाळावर अगदी एका साच्यातली आठी. थोरल्याला बातम्या लागत, त्या केबलच्या डब्यातून यायच्या. धाकट्याला जुन्या फुटबॉल मॅच लागत, त्या इंटरनेटच्या डब्यातून. थोरला उठायचा, धाकट्याची वायर उपटून आपली खुपसायचा. तासाभरानं धाकटा त्याची परतफेड करायचा. तोंडातून चकार शब्द नाही. चार वर्षांपूर्वी धाकट्यानं न विचारता वडिलांचं कपाट भंगारात दिलं, तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं ताईंमार्फत.

“त्याला सांग, पंखा कमी कर,” थोरला आत्ताही म्हणाला.

“पंखा कमी कर म्हणतोय,” ताई.

“त्याला सांग, गारठलास तर स्वेटर चढव.”

“स्वेटर घाल म्हणतोय.”

टीव्हीवाला टीव्हीमागे तोंड लपवून हसून घेत होता. असलं फुकटचं नाटक बऱ्याच दिवसांत बघायला मिळालं नव्हतं.

ताई चहा घेऊन आल्या, तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, “उद्या सकाळी मी लेकीकडे निघालेय. कायमची. गुडघे संपले माझे, हा जिना होत नाही आता. पण मागे ह्यांचं कसं व्हायचं? एक मोरीत पडला तर दुसरा ‘लागलं का’ म्हणून विचारायचा नाही. निदान टीव्हीवरून तरी धुसफूस नको. असं काहीतरी बसवा, की एकाला दुसऱ्याच्या वाटेला जायलाच नको.”

“बसवतो की,” टीव्हीवाला म्हणाला.

सव्वीस वर्षं लोकांच्या हॉलमध्ये पालथं पडून त्यानं टीव्हीपेक्षा माणसंच जास्त उघडून पाहिली होती. एका घरी आवाज गगनाला भिडवणाऱ्या गृहस्थाचा टीव्ही त्यानं बावीस आकड्यावर लॉक करून ठेवला होता. “मॉडेलच तसं आहे साहेब,” म्हणून वर तोंड करून सांगितलंही होतं.

सॉकेटला सोल्डरिंगचा डाग देऊन त्यानं ते पक्कं केलं. मग पिशवीतून बोटभर जाडीचा स्विच काढला. दोन्ही डब्यांच्या वायरी त्यात घुसायच्या, एक वायर टीव्हीला जायची, आणि वरचं बटण दाबलं की हा डबा जाऊन तो लागायचा. सोबत इवलासा रिमोट होता. तो त्यानं असा अलगद शर्टाच्या खिशात सोडला, की खिशालाही पत्ता नाही. ताईंना मात्र दिसलं. त्यानं ओठांवर पेचकस आडवा धरला. ताईंनी रिकामा कप उचलला आणि काही पाहिलंच नाही.

स्विच त्यानं थोरल्याच्या खुर्चीच्या हातावर स्क्रूनं आवळून बसवला.

“तिथेच का?” धाकटा सोफ्यावरून.

“वायर इथपर्यंतच पोचते.” उरलेली दोन मीटर वायर त्यानं टीव्हीमागे कोंबली. “बटण दादांकडे. आवाजाचा रिमोट तुमच्याकडे, तुमच्या मांडीखाली आहेच तो.”

“ह्या स्विचला रिमोट नसतो?”

“असतो. ह्याला नसतो.” खिशावर हात ठेवून तो पुन्हा टीव्हीमागे घुसला. “चला, मॅच लावून बघा. मी सॉकेट धरून ठेवलंय, दोन्ही हात अडकलेत. कुणीतरी बटण दाबा, नाहीतर माझा मुक्काम इथेच.”

सॉकेट केव्हाच पक्कं बसलं होतं. त्यानं नुसतेच हात बांधले होते.

पंखा फिरत राहिला. धाकट्यानं सवयीनं मान वळवली. “ताई, त्याला सांग जरा...”

“मला बॅग भरायचीय,” म्हणत ताई आत गेल्या.

टीव्हीवाल्याच्या मानेला रग लागली, पण तो बधला नाही.

“दुसरं लाव,” शेवटी धाकटा भिंतीला म्हणाला.

भिंतीनं काही लावलं नाही.

“दादा, दुसरं लाव ना.”

खट्.

पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. थोरला दोन मिनिटं बघत बसला. मग खाकरला. “आवाज वाढव थोडा. मला ऐकू येत नाही हल्ली.”

“आवाज वाढव म्हणतोय!” ताई आतून ओरडल्या, आणि ओरडतच दारात आल्या.

“ऐकलं मी,” धाकटा म्हणाला. आवाज त्यानं आधीच वाढवला होता. “कधीपासून येत नाही रे ऐकू?”

“दोन वर्षं झाली.”

“कुठल्या कानाला?”

थोरल्यानं डाव्या कानाला बोट लावलं. धाकटा उठला आणि सोफा सोडून त्याच्या उजव्या हाताच्या स्टुलावर येऊन बसला.

ताई घडी घातलेली शाल घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. दोघांपैकी कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. टीव्हीवाला कपडे झटकत उभा राहिला आणि पेचकस पिशवीत टाकू लागला. थोड्या वेळानं ताई आत वळल्या, आणि बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.