अर्ध्याची जागा

श्रीधर सरांनी ओल्या फडक्यानं फळ्यावरची दुसरी ओळ पुसली आणि खडू अश्लेषाच्या हातात परत दिला.

"पुन्हा. आणि या वेळी पुस्तकात आहे तसं."

वाडीतल्या त्यांच्या शिकवणीच्या खोलीत दुपारी ती एकटीच असायची. बाहेर गोदामापाशी कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं. सरांनी खिडकी लावली. निकाल लागल्यापासून तीन आठवडे ते तिच्याकडून एकच उदाहरण करून घेत होते. करवतीच्या दातांसारखा, पुन्हा पुन्हा तसाच येणारा आलेख घ्यायचा आणि तो साइन-कोसाइनच्या गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून मांडायचा. लाटांच्या आधी एक साधा आकडा येतो, आलेखाची सरासरी. त्यात कुठेतरी एक अर्धा लागतो. पुस्तकात तो शेवटी, बेरीज मांडताना येतो. ही पोरगी तो आधीच उरकून टाकायची.

"सर, उत्तर तर तेच येते न?"

"येतं. वरणात मीठ आधी घाल की नंतर, चव तीच. पण परीक्षकाला ते जागेवर दिसलं पाहिजे. किती वेळा सांगू?"

सर खरोखर कावले होते. दर सहा महिन्यांनी तीच मुलं, तोच पेपर, त्याच चुका. आवर्ती, म्हणजे ठरावीक काळानं तेच ते दाखवणाऱ्या फलनाचं याहून चांगलं उदाहरण त्यांना अजून सापडलं नव्हतं. अश्लेषाचा हा एकच विषय राहिला होता, तोही चार गुणांनी. कोराडीच्या वीज केंद्रात तिची शिकाऊ म्हणून निवड झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत पास झाल्याचा कागद दाखवायचा होता. एवढं डोक्यावर असताना माणसानं अर्ध्यासाठी हट्ट धरावा?

तिनं खडू ठेवला, ओढणीला हात पुसले आणि पिशवीतून कागद काढले.

"काल पेपरची झेरॉक्स भेटली, सर. आज फेरतपासणीचा शेवटचा दिवस आहे. फॉर्मवर विषयाच्या सरांचं मत पाहिजे म्हणते."

"मत काय त्यात? अर्धा दिला नसशील."

"पाहून तर घ्या."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. तेच उदाहरण, शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. सहापैकी शून्य. दुसऱ्या ओळीवर फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'अर्धा इथे कसा??'

अक्षर त्यांचंच होतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दिवसाला पन्नास-पन्नास पेपर तपासले होते. फुली मारली की खाली बघायचंच नाही, पुढचा पेपर ओढायचा. त्यांना लाज वाटली. मग ही इतकी शांत कशी उभी आहे म्हणून तिचाच राग आला.

"त्या गठ्ठ्यात असे आणखी किती असतील कोण जाणे," ते पुटपुटले.

सरांनी पेन उघडलं. फॉर्मवर एक रिकामी चौकट होती, 'परीक्षकाची त्रुटी'.

"थांबा, सर." तिनं फॉर्म हलकेच आपल्याकडे ओढला. "तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्ही फक्त सही करा."

"काहून?"

"झेरॉक्स संगच लावा लागते," ती खाली बघत म्हणाली. "अक्षर जुळंन."

सरांनी फॉर्म परत घेतला आणि चौकटीत लिहिलं, 'उत्तर बरोबर आहे. परीक्षकाने पूर्ण वाचले नाही.' खाली सही केली. सहीखाली हुद्द्याची जागा होती. तिथं त्यांनी 'शिक्षक' लिहिलं आणि जरा थांबून पुढे 'व परीक्षक' असं जोडलं.