एका सुरात तीन गायक

सलूनच्या तीन खुर्च्या आरशाकडे तोंड करून जमिनीत पक्क्या ठोकलेल्या. त्यामुळे सुट्टीच्या दुपारी तिथे जमणारे तिघं एकमेकांकडे न बघता आरशात बघून भांडायचे. वीस-बावीस वर्षं भांडण तेच: त्यांच्या लाडक्या बँडचा खरा गायक कोण? जगात दुसरे प्रश्न नव्हते असं नाही, पण त्यांवर वेळ घालवायला या तिघांना सवड कुठे होती!

सलूनवाला पहिल्या गायकाच्या बाजूचा. पहिला दहा वर्षं गाऊन वारला, आणि त्याच्याबरोबर बँडही वारला असं सलूनवाल्याचं ठाम मत. त्याचे भावोजी, म्हणजे सख्ख्या ताईचे यजमान, दुसऱ्याचे. उंच, चढ्या आवाजाचा दुसरा पंधरा वर्षं गाऊन निवृत्त झाला. आणि तिसरा भिडू चष्मेवाला. तो आधी पहिल्याचा होता, मग दुसऱ्याचा झाला, आणि आता बँडने चोवीस वर्षांची पोरगी गायला उभी केल्यावर साठी उलटलेला हा गृहस्थ तिच्या पक्षात जाऊन बसला. बाकीचे दोघं त्याला पक्षबदलू म्हणायचे. त्याचं म्हणणं, कान उघडे असले की माणूस बदलतोच.

या सगळ्यांत भावोजींचं पारडं नेहमी जड. ते बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. आवाज असा की वेळापत्रकसुद्धा ऐकावंसं वाटायचं. शिवाय नकला. तिन्ही गायक त्यांच्या गळ्यात बसलेले. मुद्दा पटवायचा असला की बोलत नसत, गाऊनच दाखवत. 

तोच गळा कॅन्सरमुळे कापावा लागला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, गळ्याखाली श्वासासाठी भोक ठेवलं, आणि हातात एक यंत्र दिलं. विजेरीएवढं. ते हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं की घरघर सुरू होते, आणि तोंड हलवलं की त्या घरघरीचेच शब्द होतात. सूर मात्र एकच. वर नाही, खाली नाही, फ्रिज चालू असावा तसा. इस्पितळात तीन आठवडे शिकवणी झाली. घरी आल्यावर भावोजींनी यंत्र कपाटात ठेवलं ते ठेवलंच. चार महिने झाले, माणूस बायकोशीही एक शब्द बोलला नाही. सगळं वहीत लिहून.

चार महिन्यांनी ते पहिल्यांदा सलूनमध्ये आले तेव्हा गळ्याला रुमाल होता. सलूनवाल्याने जन्मभर लोकांचे गळे हाताळलेले, पण या गळ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. भावोजी आपल्या खुर्चीवर बसले, वही काढली आणि दुसऱ्याच्या बाजूने पानभर मुद्दे लिहून दोघांपुढे धरले. हस्ताक्षर तसंच ऐटदार. सलूनवाल्याने वाचलं आणि म्हणाला, बरोबर आहे तुमचं, भावोजी. चष्मेवाला तर पुढे जाऊन म्हणाला की विचार केला तर दुसराच थोर. पक्षबदलूच तो.

भावोजींनी दोघांकडे आरशात बघितलं. मग ते पान टरकन फाडलं, चुरगाळून केसांच्या टोपलीत टाकलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई आली ती तावातावाने. गिऱ्हाईक खुर्चीत साबण लावून बसलेलं, तरी तिने भीड ठेवली नाही. “ते तुझ्याकडे भांडायला आले होते,” ती म्हणाली. “घरी सगळे हो ला हो करतात, मीसुद्धा. एक तुझं दुकान उरलं होतं, तर तिथेही तू त्यांना पेशंट करून ठेवलंस.” मग तिचा आवाज खाली आला. ते हळूहळू मिटत चाललेत, ती म्हणाली. पूर्वी दोन पानं लिहायचे, आता दोन शब्द लिहितात. कालपासून तर वहीसुद्धा उघडलेली नाही. तिने पिशवीतून यंत्राची डबी काढून त्याच्या हातात ठेवली आणि डोळे पुसत गेली. सलूनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तोवर वाळून गेला होता.

पुढच्या सुट्टीला भावोजी येतील याची खात्री नव्हती. पण आले. बहुधा ताईनेच ढकलून पाठवलं असावं. सलूनवाल्याने यंत्र डबीतून काढून कंगवे आणि पावडरच्या डब्याशेजारी उघडंच ठेवलं होतं. भावोजींना ते दिसलं. चेहरा कडू झाला, पण बसले. आणि मग सलूनवाला मन घट्ट करून सुरू झाला: दुसरा म्हणजे नुसता आरडाओरडा, पहिल्याच्या नखाची सर नाही. भावोजींची मान ताठ झाली. वही निघाली. लिहिलं, ‘कान साफ कर.’ सलूनवाल्याच्या जिवात जीव आला.

त्यानंतर तासभर काय जुंपली म्हणता! गाडी नेहमीप्रमाणे ‘खिडकी लावू नकोस’वर आली. ते गाणं तिघांनीही गायलेलं, त्यामुळे तुलनेला बरं. चष्मेवाला रंगात आला, खुर्चीच्या हातावर थापा मारू लागला, आणि रंगात आलेल्या माणसाची जीभ सुटते तशी त्याची सुटली.

“दुसऱ्याकडे होतं काय, नुसता उंच आवाज,” तो म्हणाला. “आवाज काढून घ्या, मग उरतं काय?”

बोलून गेला आणि आरशात स्वतःलाच बघून पांढरा पडला.  कोणी कोणाकडे बघेना. आता हा माणूस उठून जाणार आणि पुन्हा कधीच येणार नाही, हे सलूनवाल्याला स्वच्छ दिसलं.

भावोजी उठले. पण दाराकडे गेले नाहीत. त्यांनी कंगव्यांशेजारचं यंत्र उचललं, पुन्हा खुर्चीत बसले, रुमाल नीट केला आणि यंत्र हनुवटीखाली टेकवलं. जागा सापडायला वेळ लागला. दोनदा नुसतीच घरघर झाली. मग शब्द आले.

“खिडकी… लावू नकोस… शहर… अजून… जागं आहे.”

तोच एक सपाट, बेसूर आवाज. पण ‘खिडकी’ उशिराने आली, जड ट्रंक ओढत आणल्यासारखी. ‘शहर’ अर्धं गिळलं गेलं. आणि ‘जागं’च्या आधी बोट बटणावरून उठलं, ती पोकळी इतकी मोठी की तिच्यात सलूनवाल्याचा श्वास अडकला. ही पोकळी त्याने विशीत, घामट गर्दीत उभं राहून ऐकली होती.  मेलेला माणूस त्याच्या दुकानात येऊन गात होता, सुराशिवाय, गळ्याशिवाय. “पहिला,” तो कसाबसा म्हणाला.

भावोजींनी मान डोलावली आणि पुन्हा बटण दाबलं. त्याच ओळीतला प्रत्येक शब्द आता सुटा, नीट मांडलेला; फक्त ‘नकोस’ अगदी हळूच टेकवलेला, जणू खिडकीपाशी कोणी झोपलंय. बाईचा आवाज नाही, पुरुषाचाही नाही, निव्वळ यंत्र. तरी ती पोरगीच होती. चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात घेतला. “अरे देवा,” तो पुटपुटला, “ही तीच की.”

तिसऱ्या वेळी ओळ सगळीच्या सगळी घाईने पुढे धावली, ठेक्याच्या आधी, श्वास संपायच्या भीतीने धावावी तशी, आणि शेवटच्या ‘आहे’वर पोचून तिथे लांब, लांब थांबून राहिली. दुसरा. बावीस वर्षं ज्याला सलूनवाला आरडाओरडा म्हणत आला, त्याच्यात काय होतं ते त्याला आज, आवाज काढून घेतल्यावर, पहिल्यांदा कळलं. तो उभाच राहिला. देवळात उभं राहावं तसा उभा राहिला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

“हे उरतं,” भावोजी यंत्रातून म्हणाले.

 चष्मेवाल्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. मग सलूनवाल्याने खिशातून फोन काढला आणि ताईचा नंबर लावू लागला. भावोजींनी झटकन त्याचा हात धरला. वही ओढून लिहिलं, ‘तिला तो मी वाटणार नाही. तिने त्या आवाजावर लग्न केलं होतं.’ तर इतके दिवस हे होतं. सलूनवाल्याला वाटत होतं, माणूस लाजतोय. माणूस घाबरला होता.

“भावोजी, मी पहिल्याला ओळखला,” सलूनवाला म्हणाला. “तो तर माझा कोणी लागतही नव्हता.”

त्याने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापाशी धरला. पलीकडून ताई म्हणाली, काय रे, आले का ते तुझ्याकडे? भावोजींनी हनुवटी वर केली. यंत्र दोनदा जागेवरून घसरलं.

“अगं,” ते म्हणाले, आणि बोट बटणावरून उठलं.

पलीकडे नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला. सलूनवाल्याने डोळे मिटून घेतले.

“अहो,” ताई म्हणाली, “किती वेळ लावलात. थांबा, गॅस बंद करून येते. मग सांगा सगळं, चार महिन्यांचं.”