मुखपृष्ठावरचा पाठमोरा माणूस

धुकं हे आळशी मुखपृष्ठकाराचं हत्यार आहे. तीस वर्षं दिल्लीत पुस्तकांची मुखपृष्ठं करून पोट भरलेला माणूस हे सांगतोय, म्हणजे खरं माना. पुस्तक वाचायला वेळ नसला की धुकं घालावं. प्रेमकथा असो, खून असो, कविता असोत नाहीतर मन शांत कसं ठेवावं याचे उपदेश असोत, धुकं सगळीकडे खपतं. त्यात एक पाठमोरा माणूस उभा केला की प्रकाशक खूश. चेहराच नाही, म्हणजे तो कोणीही असू शकतो. वरच्या अर्ध्या भागात सगळं पांढरं, तिथे पुस्तकाचं नाव बसतं. आम्ही त्याला 'नावाला जागा' म्हणतो. ती नसली तर फोटो कितीही सुंदर असला तरी फुकट.

त्या जागेपायी मी एक माणूस मारला.

नव्वदीत आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहत होतो. माझी बायको सरला केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर तिच्या नावावर. मी घरी बसून दर्यागंजच्या प्रकाशकांची कामं करायचो. खालच्या मजल्यावर अण्णासाहेब आणि चंद्रप्रभावहिनी. अण्णासाहेब एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मूळचे वाईचे. मूलबाळ नव्हतं. दिल्लीतला दर तिसरा मराठी माणूस पानिपतावर पुस्तक लिहीत असतो. अण्णासाहेबही त्यातलेच, फरक इतकाच की त्यांचं पुस्तक पुरं झालं. त्यात तलवारी आणि तोफा नव्हत्या. लढाईवर गेलेले जे परत आले नाहीत आणि ज्यांच्या मरणाची बातमीही आली नाही, त्यांच्या घरच्यांचं पुढे काय झालं, एवढंच त्यांनी चिकाटीनं शोधलं होतं. मुखपृष्ठ मी करायचं, हे ठरलेलंच होतं.

घरात त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. तीन वर्षांनी रिटायरमेंट, मग क्वार्टर जाणार. तेव्हा जो तो यमुनेपलीकडे फ्लॅट बुक करत होता. नोएडात मराठी मंडळींची एक सोसायटी होत होती आणि वहिनींना तिथे घर हवं होतं. फॉर्म आणून त्यांनी टीव्हीवर ठेवला होता, सहीची वाट बघत तो तिथेच पिवळा पडत होता. "तिकडे संध्याकाळी कोल्हे ओरडतात," एवढंच अण्णासाहेबांचं उत्तर.

पंचाण्णव सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी हे भांडण टोकाला गेलं. दर संक्रांतीला आमची मंडळी बस करून पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायची. वहिनी त्या वर्षी आल्या नाहीत. आमच्यात संक्रांतीला वैऱ्याच्या हातावरही तिळगूळ ठेवतात, पण त्या सकाळी वहिनींनी नवऱ्याच्या हातावर ठेवला नाही. एक शब्द बोलल्या नाहीत.

बसमध्ये अण्णासाहेब माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता सगळा रस्ता तोंड पाडून बसतील. तर गडी हसत होता!

"अविनाश, संध्याकाळी गेल्या गेल्या सही करून टाकतो बघ त्या फॉर्मवर."

"अच्छा! मग सकाळीच सांगायचं ना वहिनींना."

"अरे यार, एक दिवस रागावू दे की तिला. पुस्तकाची पहिली प्रत त्याच घरात ठेवू. तिचंच पुस्तक आहे ते. एवढी वर्षं माझी वाट बघत बसली ती."

काला अंबला धुकं असं होतं की चार हातांवरचा माणूस दिसेना. स्मारकापाशी भाषण सुरू झालं, तसं मी अण्णासाहेबांना हळूच बाजूला काढलं. मागे मोहरीच्या शेताकडेनं एक पायवाट जात होती. म्हटलं, तुमच्या पुस्तकावर तुमचीच पाठ. त्यांना गंमत वाटली. कॅमेऱ्याला निळा फिल्टर लावला, कारण आपल्याकडचं धुकं फोटोत मळकट पिवळं येतं. फ्रेममध्ये बघितलं तर अण्णासाहेब फार मोठे दिसत होते. डोकं पार वर, नावाला जागाच नाही.

"पुढे चला," मी म्हटलं.

ते चालू लागले. थांबले, मान न वळवता ओरडले, "बस का, अविनाश?"

"अजून थोडं पुढे."

पुन्हा, "बस का?"

"अजून थोडं."

आता सुरेख जमलं. खाली लहानशी पाठ, उजव्यापेक्षा जरा उतरलेला डावा खांदा, मफलर, आणि वर सगळं मोकळं. मी फोटो घेतला. मग लोभ सुटला. आणखी एक घ्यावा म्हणून मी खाली बघून लेन्स बदलत होतो, तेव्हा धुक्यातून तिसऱ्यांदा आवाज आला, "बस का रे?" मी मान वर न करता म्हटलं, "अजून थोडं."

त्या पायवाटेच्या टोकाला रस्ता होता. मला माहीत नव्हतं. मी आधी जाऊन बघितलं नव्हतं. ट्रकचा आवाज आला, ब्रेकचा नंतर आला.

मी धावलो, पण उलट्या दिशेनं, माणसांकडे. धावताना कॅमेरा पिशवीत घातला, हे मला अजून आठवतं. त्यानंतरची धावपळ सगळी मीच केली. पानिपतच्या दवाखान्यात दिवसभर मी बसलो, पोलिसांचे कागद मी केले, अण्णासाहेबांना दिल्लीला मी आणलं. सगळ्यांनी मला नावाजलं. वहिनींनी एकच विचारलं, "शेवटी कोण होतं त्यांच्याजवळ?" मी म्हणालो, "कोणी नाही. आम्ही सगळे भाषण ऐकत होतो."

भीतीपोटी बोललो. त्या क्षणी तेवढंच सुचलं. पण त्या उत्तरानं काय केलं ते तेराव्याला कळलं. वहिनी सरलाला सांगत होत्या, "मी बोलले नाही. सणाच्या दिवशी हात रिकामा ठेवला त्यांचा. रागानं चालत सुटले असणार धुक्यात. रस्ता दिसला नसेल, नाहीतर दिसलाही असेल." दाराशी उभं राहून मी हे ऐकलं. ते हसत होते, सही करणार होते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर मी त्यांच्यासोबत होतो हेही सांगावं लागलं असतं. मी तिथून चपला घालून बाहेर पडलो. मी नीच माणूस आहे, याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

वर्षभरानं क्वार्टर सोडावं लागलं. तो पिवळा फॉर्म वहिनींनी स्वतः भरला आणि एकट्या नोएडाला गेल्या. पुस्तकाचं बाड ट्रंकेत गेलं.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि प्रकाशक माझ्याकडे यायचे थांबले. गुडगावला काचेच्या इमारतीत एक कंपनी निघाली होती, ती जुन्या स्लाइड्स खोकीच्या खोकी विकत घ्यायची आणि त्यांच्या सीडी करून जगभर विकायची. सरला म्हणाली, "आधी निवडून तर बघ, काय द्यायचं काय नाही." दुसरा कोणी असता तर त्यानं निवडलं असतं. तो फोटो ज्यात होता ते पंचाण्णव सालचं खोकं उघडायची मला हिंमत नव्हती. म्हणून सगळीच खोकी न उघडता दिली, आणि सगळे हक्क कायमचे तुमचे, या कागदावर सही केली.

तीन वर्षांनी वहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या. किती वाळल्या होत्या! हातात कापडी पिशवी. त्यातून त्यांनी तीन पुस्तकं काढून टेबलावर मांडली. एक हिंदी रहस्यकथा, एक इंग्रजी प्रेमकथा, आणि एक धंद्यात यशस्वी कसं व्हावं याचं. तिन्हींवर तोच फोटो. निळसर धुकं, वर मोकळी जागा, तिथे तीन वेगळी नावं.

"भाऊजी, तुम्ही या लाइनमधले. हे आमचे हे आहेत ना?"

"कशावरून, वहिनी?"

"मफलरचं एक टोक आखूड आहे बघा. लोकर संपली होती माझी. आणि खांदा. तो खांदा मी ओळखणार नाही का?" मग त्या पुढे झुकल्या. "मला भांडायचं नाही कोणाशी. फोटो काढणाऱ्यानं त्यांना शेवटचं बघितलं असेल. त्याला एवढंच विचारायचंय, हे रागात होते का. बस्स. तो हो म्हणाला तरी चालेल."

हीच वेळ होती. त्या माझ्या समोर बसल्या होत्या, दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं. मी पुस्तक उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं दाखवली. गुडगावच्या कंपनीनं सीडी परदेशी विकली होती, त्यामुळे तिथे कोणा इंग्रजी एजन्सीचं नाव होतं आणि पुढे लंडन.

"हा फोटो विलायतेतला आहे, वहिनी. आणि हा रंग बघा. आपल्याकडचं धुकं असं निळं नसतंच. पिवळट असतं. माझी हयात गेली यात."

निळा फिल्टर मीच लावला होता. त्यांनी ती अक्षरं बोट ठेवून वाचली, मग धुक्याचा रंग नीट निरखला. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे ते नाहीत." आणि पुस्तकं टेबलावर तशीच ठेवून रिकामी पिशवी घडी करत गेल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वहिनींकडून मी अण्णासाहेबांची पाठसुद्धा काढून घेतली.

त्यानंतर तो फोटो मला जिथे तिथे दिसू लागला. स्टेशनवर, फुटपाथवर, पुस्तकमेळ्यात. एका ज्योतिषाच्या पुस्तकावर, एका मधुमेहाच्या पुस्तकावरसुद्धा. प्रत्येक वेळी कानात तेच, बस का? दोन वर्षं मी हे काढलं. मग ठरवलं, आता बस. पुरावा हवा, म्हणून आधी गुडगावला गेलो. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर तारीख आणि जागा लिहायची माझी सवय होती: काला अंब, चौदा जानेवारी. तिथल्या मुलीनं गोड हसून सांगितलं, "सर, स्कॅन हो जाने के बाद ओरिजिनल्स हम रखते नहीं." फेकून दिल्या होत्या.

तरीही गेलो. संक्रांतीचाच दिवस, बाहेर धुकं. वहिनींचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि ती ट्रंक. "तिळगूळ नाही हं, भाऊजी," दार उघडताच त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी तीळ घरात आणत नाही."

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसमधलं हसणं, सही, पहिली प्रत. फिल्टर, नावाला जागा, बस का, अजून थोडं. "वहिनी, ते रागात नव्हते. मी मारलं त्यांना. नऊ वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो." मी रडत होतो. वाटत होतं, त्यांनी माझ्या मुस्काटात मारावी.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पालटला, डोळे मोठे झाले. एकदम तरुण दिसल्या. मग हळूहळू ते सगळं विझलं, आणि त्या हसल्या.

"माझी समजूत काढायला सरलानं पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही! शपथ घेतो."

"तो लंडनचा छाप तुम्हीच दाखवलात मला. धुक्याचा रंगही समजावलात."

"खोटं होतं ते. भित्रा आहे मी."

"तुम्ही भित्रे? पोलिसांचे कागद कोणी केले? त्यांना घरी कोणी आणलं? भावानं केलं नसतं एवढं केलंत." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि सही करणार होते म्हणे! एकोणतीस वर्षं ओळखते मी त्यांना, भाऊजी. नाही म्हणजे बिल्कुल नाही. ते 'हो' म्हणाले असते तर मला तोंडावरून कळलं नसतं? पण त्या सकाळी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही ना."

मी पुन्हा सांगितलं. तारीख सांगितली, मोहरीचं शेत सांगितलं, मफलर सांगितला. "मफलरचं तर मीच सांगितलं होतं तुम्हाला," त्या मायेनं म्हणाल्या. मला दाखवायला काहीच नव्हतं. मी सांगत गेलो तसतशी त्यांची खात्री पटत गेली की हा माणूस फार चांगला आहे.

शेवटी त्यांनी मला हात धरून खुर्चीत बसवलं.

"एक मागू? पुन्हा असं खोटं बोलू नका. घटकाभर मला खरं वाटलं होतं. ते सहन होत नाही आता."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.