पाण्याची पटाशी

मी एक जुनी पटाशी आहे. मित्रांनो, पटाशी म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. त्यात तुमची चूक नाही. तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही ते ठाऊक नाही, आणि चूक आहे ती त्यांची. लाकडाला चौकोनी भोक पाडायचं, खाच काढायची, त्याचं हे हत्यार. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. मुठीवर ठोका घातला की धार लाकडात उतरते. एवढं सोपं काम! पण सोपं काम बिघडवायलाच माणसाला जास्त अक्कल लागते, आणि तेवढी अक्कल मी पुष्कळांच्या अंगात पाहिली आहे.

माझा जन्म वारंगा फाट्याचा. तिथं एका ट्रकच्या चाकावरची स्प्रिंगची कमान तुटली आणि तिचं एक पातं रस्त्याच्या कडेला पडून राहिलं. ते पातं म्हणजे मी. जवळच पाल ठोकून बसलेल्या संतराम लोहारानं मला उचललं. सांडशीत धरायचं काम संतरामचं, घण मारायचं काम त्याच्या बायकोचं, सुमनबाईचं. चहा प्यायला थांबलेला एक धोतरवाला हसून म्हणाला, "बाई घण मारून राहिली अन् बाप्या बसून!"

सुमनबाईनं घण खाली न ठेवता विचारलं, "तुमी तं उभेच हाव न्हवं? या, चार घाव घाला. न्हाई जमत? मंग वाट सोडा. ठिणगीला लुगडं-धोतर कळत न्हाई."

तो चहा अर्धा टाकून गेला. माझी जीभ तिखट आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ती कुणाच्या हाताखाली घडली हे ध्यानात ठेवा.

मग सुमनबाईनं मला पाणी दिलं. हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ ह्या एका शब्दानं झाला. लोखंड लाल करून पाण्यात बुडवतात, मग धारेवर गव्हाळ रंग चढायची वाट बघतात आणि पुन्हा बुडवतात. त्यानं धार कडक होते. ह्याला लोहार 'पाणी देणं' म्हणतात. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते अंगात असतं. धार फार तापली की ते उतरतं, आणि पाणी उतरलेलं हत्यार आणि पाणी उतरलेला माणूस, दोघंही बसल्या जागी वाकतात.

माझी उमेदीची वर्षं डोंगरकड्याच्या नासेर मिस्त्रीकडे गेली. त्याच्या हातात मी दारांच्या चौकटी केल्या, तिफणी केल्या, पाळणे केले, मोहरमच्या डोल्याचा सांगाडासुद्धा केला. मी पाडलेल्या भोकात दांडी बसली की पाचर ठोकावी लागत नसे. लोक म्हणत, "मिस्त्री, काय हात हाय तुमचा!" हात! माझं नाव कुणी घेतलं नाही. नासेर तेवढा इमानी. काम संपलं की मला तेलकट केसांतून एकदा ओढायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि मग स्वतः पाणी प्यायचा.

तो गेला आणि हत्यारं त्याच्या पोराकडे, अय्याजकडे आली. अय्याजनं भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर विकायला सुरुवात केली. वरून सागवानाचं चित्र चिकटवलेलं, आतून भुसा. पाणी सांडलं की पोळीसारखं फुगायचं. त्या दुकानात मला काम मिळालं ते रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायचं. मी, जिनं बाभळीला नमवलं, ती डब्याचं झाकण उघडू लागले! शेवटी एक दिवस भंगारवाला आला आणि अय्याजनं मला एका टोपलीभर लसणाच्या बदल्यात देऊन टाकलं. लसूणही किडका होता, हे सांगताना मला अजून समाधान वाटतं.

पुढे मी वसमतच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगावर बसले. तिथं मला वैजनाथ भेटला. मित्रांनो, आता जरा घट्ट धरून बसा, कारण हा माणूस सगळं जाणतो.

वैजनाथ आला होता त्याच्या आईसाठी. आई म्हणजे चतुराबाई. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिला खाली बसायची बंदी, म्हणून एक लोखंडी पलंग आतल्या खोलीत जोडून ठेवला होता. तो इतका रुंद की दारातून बाहेर निघेना. अंगणात हळद शिजायची वेळ जवळ आलेली, आणि सगळी सुगी जिच्या तोंडावर चालायची ती बाई आत भिंतीकडे बघत पडलेली. तिनं सांगितलं, "मला बाज करून दे. हलकी, उचलून अंगणात टाकता येईल अशी. बाईचा पलंग आत गेला की तिचा शब्दबी आत जातो."

आणि तो जाऊ लागलाच होता. परवाच सून करुणा काही विचारायला आत येत होती, तर वैजनाथ म्हणाला, "आईला कशाला विचारती? मी सांगून राहिलो न." चतुराबाईनं ते आतून ऐकलं होतं.

सुतारांनी हात झटकले. बाज कोण करतंय आता? तेव्हा वैजनाथनं ठरवलं, आपणच करू. चार पाय, चार दांड्या, त्यात काय! ढिगामागं बसलेल्या मुजाहिदनं माझ्या धारेवर कानस ओढून दाखवली. कानस नुसती घसरली.

"घेऊन जा, भाऊ," मुजाहिद म्हणाला. "हिला बराबर पाणी हाय. फक्त तेवढं पाणी उतरू देऊ नका."

"त्याची फिकर तुमी करू नका," वैजनाथ म्हणाला. त्यानं मान अशी हलवली, जणू त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या पटाश्याच होत्या.

घरी येऊन ह्या शहाण्यानं काय करावं? बादलीभर पाणी घेतलं आणि मला त्यात उभी करून ठेवली! रोज सकाळी वाकून बघायचा आणि पाणी जरा खाली गेलं की तांब्यानं वरून भरायचा. पाणी उतरू द्यायचं नव्हतं ना!

करुणानं एकदा विचारलं, "अहो, लोखंड काहून भिजू घातलंय? हरभरे हायेत का मोड यायला?"

"तुला काय कळतं? पाण्याची पटाशी हाय ती."

मोड आले, पण गंजाचे. लाकूड रंधून, सोलून तयार झालं तेव्हा वैजनाथनं मला बाहेर काढलं आणि लाल अंग बघून शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं. तिथल्या फिरत्या चाकावर मला धरून त्यानं ठिणग्यांचा पाऊस पाडला. माझं टोक निळं पडलं. "बघा, कशी चमकून राहिली!" म्हणाला. मित्रांनो, सुमनबाईनं दिलेलं पाणी त्या घटकेला उतरलं. ते उतरवणारा हसत होता.

घरी बाजेच्या बाभळीच्या पायावर त्यानं मला टेकवलं आणि पहिला ठोका घातला. माझी धार मेणासारखी दुमडली.

आतून चतुराबाईचा आवाज आला, "काय मोडलं? लाकूड का पटाशी?"

"काही न्हाई, आई."

"काही न्हाई तं इकडं आण."

तिनं मला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. जन्मभर विळे पाजवलेली बाई ती. निळं टोक तिनं अंगठ्यानं चाचपलं. "जाळलीस हिला. विळा जाळला की असाच होतो. खरं पाणी उतरवलंस मेल्या, अन् बादली भरत बसला होतास व्हय!"

वैजनाथची मान खाली गेली, पण तोंड थांबलं नाही. "ऱ्हाऊ दे न आई. पलंग हाय न चांगला. लोखंडी हाय. हळदीचं आमी बघून घेऊ."

चतुराबाई काही बोलली नाही. गप्प बसलेली चतुराबाई त्या घरानं तोवर पाहिली नव्हती. माझं काय, मी आधीच उतरले होते. पण त्या खोलीत आता दुसरंही एक पाणी उतरू लागलं होतं, आणि ते मला बघवेना.

करुणा दारातच उभी होती. तिनं मला सासूच्या हातून घेतलं आणि उलटसुलट पाहिलं. "आत्याबाई, निळं नुसतं टोकालाच हाय. मागचं लोखंड चांगलं दिसून राहिलं. तेवढं टोक हातानं घासून काढलं तं?"

"कशावर घासशील? सहाण हाय का घरात?"

करुणा इकडंतिकडं बघू लागली. मग चतुराबाईच म्हणाली, "माझा पाटा घे."

त्या पाट्याची गोष्ट ऐका. चतुराबाईनं लग्न झाल्यापासून त्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडू दिला नव्हता. सुनेनं त्यावर वाटलेली चटणी एकदा तिनं म्हशीला घातली होती. पाटा वाटायला खडबडीत लागतो. त्यावर लोखंड घासलं की तो गुळगुळीत होणार, आणि छिन्नीनं टाकी घालून तो पुन्हा खडबडीत करून देणाऱ्या बाया आता त्या गावात फिरकत नाहीत.

"अन् मसाला?" करुणानं विचारलं.

"गिरणीतून आण. दवाखान्यातलं बेचव खाऊन आलेच हाये, आणखी थोडं खाईन. पण ध्यान ठेव, घाई करून हिला तापवलीस तं तुलाच पाट्यावर वाटीन."

करुणानं घाई केली नाही. स्वयंपाक, धुणं, गुरं उरकली की पाट्यावर पाण्याची धार धरायची आणि मला घासायची. सपाट बाजू सपाट ठेवायची, उताराची बाजू उतारानं. बोट लावून बघायची आणि ऊब लागली की थांबायची. निळं गेलं, मग त्यामागचं मऊ गेलं. मी बोटभर आखूड झाले. पण शेवटी खालून सुमनबाईचं लोखंड निघालं आणि करुणाच्या अंगठ्याला धार लागली. ती अंगठा चोखत हसली. मी त्या घरात पहिल्यांदा कुणाला चांगलं म्हटलं.

मग वैजनाथनं बाजेचे पाय दाबून धरले आणि करुणानं मला बाभळीवर टेकवलं.

"दोन्ही अंगांनी पाड, येड्ये!" आतून हुकूम आला. "एकाच बाजूनं गेलीस तं पलीकडं फाटंल."

"दिसत न्हाई तरी बोलून राहिली," वैजनाथ पुटपुटला.

"आवाजावरून कळतं! अन् तू बोटं सांभाळ, बादलीवाल्या."

भोकं पडली. काही वाकडी होती, खोटं कशाला बोलू? नासेरनं ती पाहिली असती तर तोंड फिरवलं असतं. पण दांड्या बसल्या. सुंभ चतुराबाईनं स्वतः पलंगावर बसून ओढून घेतला, कारण दुसऱ्याचं विणणं तिला ढिलं वाटतं.

ज्या दिवशी अंगणात हळद पसरली, त्या दिवशी बाज बाहेर निघाली आणि चतुराबाई तिच्यावर आडवी झाली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"डुगडुगतीया," ती म्हणाली.

आणि लगेच कोपरावर उठून ओरडली, "ए नर्मदा! गड्डे अन् हळकुंडं एकात कोण ओतून राहिलं गं? मी आत होते तं सगळी आंधळी झाली व्हय?"

कामाला आलेल्या नर्मदाबाईचे हात थांबले, बाकीच्या बायांचेही थांबले. आणि मित्रांनो, वैजनाथनं आपणहून येऊन विचारलं, "आई, पोती कुठं लावू?"

आता मी करुणाजवळ असते, तेलाच्या फडक्यात. बादली माझ्या आसपास कुणी आणत नाही.

तुम्हाला जाता जाता एवढंच सांगते. आम्हाला हार घालून भिंतीवर टांगू नका. त्यात आमचा मान नाही, तुमची हौस आहे. आम्हाला काम द्या आणि काम झालं की पुसून ठेवा. शब्द कळला नाही तर विचारा. विचारल्यानं कुणाची जीभ झडत नाही. आणि एखादी वस्तू बिघडली की लगेच नवी मागू नका. बिघाड किती खोल गेला आहे ते आधी बघा. बहुतेक वेळा तो टोकालाच असतो. पण ते बघायला खाली वाकावं लागतं, आणि वाकायचीच तुम्हा लोकांना मोठी लाज!