पाळण्याची चाल

पंखा बंद करून अरिहंतने माइक वीतभर खाली घेतला. खापर गावातल्या घरच्या कापडदुकानाची मागची खोली तागे रचून भरलेली होती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता.

"मावशी, म्हन आते."

समोर बेबीबाई बसली होती. लहानपणी तिनेच त्याला सांभाळलं होतं.

मालिकेतल्या सासूने मान वळवली की ढॅण करून वाजवायचं, यातच अरिहंतची मुंबईतली वर्षं गेली होती. मालिकांनी पोट भरलं, नाव काही झालं नाही. आता संगीतकार म्हणून पहिला चित्रपट हाती आला होता. पाळण्याच्या प्रसंगासाठी बेबीबाईचीच चाल त्याने ऐकवली आणि दिग्दर्शक खूश झाला. आवाजही तिचाच हवा होता, आणि आजच. त्याने ती चाल तिला गुणगुणून दाखवली.

"हाई तू कथं ऐकं?" तिने विचारलं.

"तूच गाये ना, मले मांडीवर लई. पाळणानं गानं."

"पाळणानं नई, आरू. मरेल पोरले नेतस ना, तवयनं गानं शे हाई."

अरिहंतचा हात माइकवरच राहिला. तिचं पोर गेलं होतं, त्याच वर्षी ती या घरी कामाला लागली, हे त्याला आईने सांगितलेलं होतं. त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"मंग मन्हासाठे काब गाये?"

"तुन्हासाठे नई. मन्हा पोरसाठे गाऊ. तू झोपेल ऱ्हाये, तुन्हा कानवर हात ठेवी गाऊ. तरी तू ऐकी लिधं."

फोन वाजला. दिग्दर्शक घाईत होता, मोठ्याने बोलत होता.

"बाळ सेटवर आलंय. गाणं पाठव, नाहीतर दुसऱ्याची चाल तयार आहे."

"खरंखुरं पोर शे?" बेबीबाईने हळूच विचारलं.

"हां."

"मंग त्यानी मायले इचार. ती हां म्हनी, त मी आत्ते गासू."

मरणाचं गाणं आपल्या बाळासमोर वाजवायला कोणती आई हो म्हणणार होती? फोन कानाला लावून, मान डोलावून, 'हो म्हणाली' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. बेबीबाईने विश्वास ठेवला असता. तेच त्याला सहन होईना. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"सर, बाळाच्या आईला फोन देता?"

"आता? वेड लागलंय का तुला?"

"द्या, सर."

बराच वेळ नुसता गलका ऐकू येत राहिला. मग एका बाईचा आवाज आला, आणि त्याच्यामागे बाळाचं खिदळणं.

"ताई," अरिहंत म्हणाला, "आज तुमच्या बाळासमोर जे गाणं वाजणार आहे, ते कशाचं आहे हे आधी ऐका."